प्रायमरी लांबू द्या, नियम मात्र आधी ठरवा: अमेरिकेतील मराठी डेमोक्रॅट मतदारांस खुले पत्र

अमेरिकेत राहणाऱ्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या पक्षांतर्गत मतदानात) मतदान करणाऱ्या मराठी मतदारांस व कार्यकर्त्यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२८ च्या अध्यक्षीय उमेदवारीची चर्चा आपल्या घरगुती बैठकांत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर आतापासूनच सुरू झाली आहे आणि तिच्यात एक सूचना हटकून पुढे येते: या वेळी महिनोन्‌महिने चालणारी आपसातली लढाई नको, मार्चच्या आत एक नाव ठरावे आणि बाकीच्यांनी मुकाट्याने त्या नावामागे उभे राहावे. ही सूचना करणारे पक्षाचे हितचिंतकच आहेत आणि २०२४ च्या पराभवानंतर त्यांच्या मनात बसलेली धास्ती मला समजते. तरीही या सूचनेत पक्षाचे हित नाही, असे माझे मत आहे आणि ते जरा सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लढत किती लांबली यावरून पक्षाचे नुकसान ठरत नाही. लढतीचे नियम आधी ठरले होते का, ते मध्येच वाकवण्याचा प्रयत्न झाला का, आणि मोजणी संपल्यावर हरलेल्या बाजूला मानाने परत येण्याची वाट मोकळी ठेवली होती का, यांवरून ते ठरते.

मी न्यू जर्सीचा मतदार आहे. या प्रश्नात माझा थोडा स्वार्थही आहे, तो आधीच सांगितलेला बरा. आपल्या राज्याची प्रायमरी जूनमध्ये होते. २००८ साली ती ५ फेब्रुवारीला घेतली गेली होती, पण पुढच्या खेपेला ती पुन्हा जूनमध्ये गेली. २०१६ साली ७ जूनला आपण मतदान केंद्रांवर गेलो, तेव्हा हिलरी क्लिंटन यांना उमेदवारीपुरते प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) मिळाल्याची बातमी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आदल्या संध्याकाळीच देऊन टाकली होती. २०२० साली करोनामुळे मतदान ७ जुलैपर्यंत पुढे गेले, आणि तोवर जो बायडन यांच्यासमोर लढणारे कोणी उरलेच नव्हते. एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनी अशा गावांत आपली एवढी वस्ती असूनही अध्यक्षपदाचे इच्छुक आपल्याकडे फिरकतात ते बहुधा निधी जमवण्यापुरतेच. लढत मार्चमध्ये आटपावी असे आपण म्हणतो, तेव्हा सुरुवातीच्या चारपाच राज्यांनी आणि सुपर ट्यूसडेच्या (मार्चच्या सुरुवातीला एकाच मंगळवारी मतदान करणाऱ्या) राज्यांनी काय ते ठरवावे आणि आपण जूनमध्ये जाऊन मान डोलवावी, हे आपण आपणहून मान्य करत असतो.

डेमोक्रॅटिक पक्षाची लढत लांबते याचा दोष उमेदवारांच्या हट्टाला देण्याची पद्धत आहे. खरे कारण पक्षाच्या गणितात आहे. रिपब्लिकन पक्षात मार्चच्या मध्यानंतर अनेक राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सगळे प्रतिनिधी मिळतात, म्हणून तिथे आघाडीवरचा झपाट्याने निसटून पुढे जातो. डेमोक्रॅटिक पक्षात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. त्यामुळे आघाडी मिळवायला वेळ लागतो, आणि मिळालेली आघाडी तोडणे त्याहून अवघड होते. २२ एप्रिल २००८ रोजी क्लिंटन यांनी पेनसिल्व्हेनिया नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकले, पण तिथल्या १५८ प्रतिनिधींपैकी त्यांना ८५ आणि बराक ओबामा यांना ७३ मिळाले, म्हणजे एवढ्या गाजलेल्या विजयाची निव्वळ कमाई बारा प्रतिनिधींची झाली. मागे पडलेल्याला अधूनमधून जिंकल्याचे समाधान मिळत राहते, पुढे असलेल्याला शेवटचा घाव घालता येत नाही, आणि दोघेही शेवटच्या राज्यापर्यंत चालत राहतात.

ही पद्धत पक्षाने हौसेने स्वीकारलेली नाही. १९६८ साली उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना आव्हान देणारे युजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मते मिळवली होती, रॉबर्ट केनेडी यांची कॅलिफोर्निया जिंकल्याच्या रात्रीच गोळ्या घालून हत्या झाली होती, आणि प्रायमरीत मते टाकणाऱ्या लाखो लोकांना आपल्या मताला काडीचीही किंमत नव्हती असे वाटले. सभागृहात गदारोळ आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांचा लाठीमार असे ते अधिवेशन झाले, आणि नोव्हेंबरमध्ये हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाच्या शिफारशींतून आजच्या प्रायमऱ्यांची व्यवस्था उभी राहिली आणि प्रमाणशीर वाटपाचा नियम पुढे टप्प्याटप्प्याने पक्का झाला. लांबण हा त्या बदलाचा खर्च आहे, आणि वरच्यावर नाव ठरवण्याची किंमत पक्षाने १९६८ साली मोजून पाहिली आहे.

लांबलेल्या लढतीचे सर्वांत सविस्तर उदाहरण २००८ चे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ३ जानेवारीला आयोवात सुरू झालेली ती लढत ३ जूनला माँटाना आणि साउथ डकोटापर्यंत चालली. रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांनी ४ मार्चलाच आपली उमेदवारी निश्चित केली होती. आपल्याकडे मात्र त्याच दिवशी क्लिंटन यांनी ओहायो जिंकले आणि टेक्सासात प्रायमरीची मते जास्त मिळवली, पण टेक्सासात प्रायमरीसोबत कॉकसही (मतदारांच्या सभांतून होणारी निवड) होते आणि दोन्ही मिळून ओबामांचे प्रतिनिधी जास्त भरले. असल्या गुंतागुंतीने कार्यकर्ते वैतागले होते. मार्च-एप्रिलमध्ये मोठमोठे नेते क्लिंटन यांनी माघार घ्यावी असे उघड बोलू लागले. पक्ष स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा घोटतो आहे आणि मॅकेन निवांत बसून मजा पाहत आहेत, हा त्या दिवसांतल्या लेखांचा ठरलेला सूर होता. रात्री तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजल्यावर तो कोणी उचलावा, हे विचारणारी क्लिंटन यांची जाहिरात ओबामांच्या अननुभवावर थेट बोट ठेवत होती. आणि उन्हाळ्यात मॅकेन यांच्या मोहिमेने क्लिंटन यांचीच जुनी वाक्ये ओबामांविरुद्धच्या जाहिरातींत वापरली, हेही खरे आहे.

पैशाचाही प्रश्न होता. त्या वर्षी एका व्यक्तीला एका उमेदवाराच्या प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,३०० डॉलर देता येत होते. ज्यांचा डोलारा मोठ्या देणगीदारांवर उभा होता त्यांची ही मर्यादा वर्षाच्या सुरुवातीलाच संपली. ज्यांच्यामागे पंचवीस-पन्नास डॉलर देणारे लाखो लोक होते त्यांना त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जाता आले. एकट्या फेब्रुवारी महिन्यात ओबामांनी सुमारे साडेपाच कोटी डॉलर जमवले, आणि क्लिंटन यांना मात्र स्वतःच्या खिशातून एक कोटीहून अधिक डॉलर मोहिमेला उसने द्यावे लागले. लढत मार्चमध्येच संपली असती तर छोट्या देणगीदारांची ही ताकद एवढ्या ठळकपणे कोणाला कळली असती, याबद्दल मला शंका आहे.

आता त्या लांबणीतून काय उभे राहिले ते पाहा. ६ मे रोजी इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत मतदान झाले. एरवी अध्यक्षीय प्रायमरीत या दोन राज्यांना कोणी विचारत नसे. त्या वर्षी दोन्ही उमेदवार तिथे आठवडेच्या आठवडे गावोगाव फिरले, कार्यालये उघडली गेली, नव्या मतदारांची नोंदणी झाली. इंडियानात बारा लाखांहून अधिक आणि नॉर्थ कॅरोलिनात पंधरा लाखांहून अधिक लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदान केले. त्याच वसंतात पेनसिल्व्हेनियात पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांची संख्या प्रथमच चाळीस लाखांच्या पुढे गेली. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी इंडियाना सुमारे २८ हजार मतांनी आणि नॉर्थ कॅरोलिना सुमारे १४ हजार मतांनी जिंकले. इंडियाना पक्षाने त्याआधी १९६४ साली जिंकले होते आणि नॉर्थ कॅरोलिना १९७६ साली. मेमधली धावपळ झाली नसती तर एवढ्या बारीक फरकाने ही राज्ये हाती आली असती का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. माझे उत्तर नकारार्थी आहे. आणि मार्चमध्येच मोकळे झालेले मॅकेन ३६५ विरुद्ध १७३ अशा इलेक्टोरल मतांनी (राज्यांना वाटून दिलेल्या, अध्यक्ष निवडणाऱ्या मतांनी) हरले.

त्या वर्षी पक्ष खरोखर फुटण्याच्या बेतात आला तो मिशिगन आणि फ्लोरिडाच्या प्रश्नावर. या दोन राज्यांनी पक्षाचे वेळापत्रक धुडकावून जानेवारीतच प्रायमरी उरकली, म्हणून पक्षाच्या राष्ट्रीय समितीने, म्हणजे नॅशनल कमिटीने, शिक्षा म्हणून त्यांचे सर्व प्रतिनिधी रद्द केले. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामांनी आपले नाव काढून घेतले, क्लिंटन यांनी ठेवले, आणि तिथे सुमारे ४० टक्के मतदारांनी कोणालाही पाठिंबा नाही असे मत नोंदवले. पुढे आघाडी हुकल्यावर क्लिंटन यांच्या बाजूने हे प्रतिनिधी मोजावेत अशी मागणी सुरू केली. ३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पक्षाच्या नियम समितीची बैठक झाली, तिथे प्रत्येक प्रतिनिधीला अर्धे मत देण्याचे ठरले आणि ओबामांनी नावच न ठेवलेल्या मिशिगनमधला वाटाही त्यांना मिळाला. प्रेक्षकांत आरडाओरड झाली, घोषणा झाल्या. माझ्या मते त्या सहा महिन्यांतला सगळ्यात विषारी दिवस हाच. दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाल्याचे प्रामाणिकपणे वाटत होते, कारण खेळ सुरू झाल्यानंतर नियमांचा अर्थ लावला जात होता.

आणि तरीही पक्ष सावरला, तो शेवट नीट घडवल्यामुळे. ७ जूनला क्लिंटन यांनी मोहीम थांबवून ओबामांना पाठिंबा जाहीर केला. २७ जूनला दोघे न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या छोट्या गावात एका मंचावर आले. जानेवारीत त्या गावात दोघांनाही बरोबर १०७ मते पडली होती. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मतमोजणी थांबवून ओबामांना एकमताने उमेदवार घोषित करावे, हा ठराव खुद्द क्लिंटन यांनीच मांडला. त्यांच्या काही समर्थकांनी अखेरपर्यंत राग सोडला नाही आणि मॅकेन यांना मत दिले. बहुसंख्यांनी मात्र ओबामांना मत दिले, आणि क्लिंटन पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या.

याच्या उलट म्हणून १९८० चे उदाहरण नेहमी दिले जाते. एडवर्ड केनेडी यांनी पदावर असलेल्या जिमी कार्टर यांना आव्हान दिले, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया जिंकले, प्रतिनिधींच्या संख्येत मागे असूनही ऑगस्टपर्यंत माघार घेतली नाही, आणि न्यूयॉर्कच्या अधिवेशनात प्रतिनिधींना प्रायमरीच्या निकालाचे बंधन नसावे म्हणून नियम बदलण्याचा प्रयत्न केला. तो फसला. शेवटच्या रात्री मंचावर हातात हात घालून उंचावण्याच्या छायाचित्रासाठी कार्टर केनेडींच्या मागे मागे फिरत राहिले आणि ते छायाचित्र काही मिळाले नाही. नोव्हेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांना ४८९ इलेक्टोरल मते मिळाली आणि कार्टर यांना ४९. आता यातला कोणता भाग केनेडींच्या खाती मांडायचा? महागाई १३ टक्क्यांच्या वर होती आणि तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांची सुटका होत नव्हती. अध्यक्ष दुबळा दिसतो म्हणूनच पक्षातून त्याला आव्हान मिळते, आणि तो दुबळा असतो म्हणूनच तो नोव्हेंबरात हरतो. लोना रे ॲटकेसन या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ साली नेमके हेच दाखवले होते: अध्यक्षाची लोकप्रियता आणि अर्थव्यवस्था हिशेबात धरली की प्रायमरीतल्या फुटीचा स्वतंत्र परिणाम जवळपास उरत नाही. ताप मोजणाऱ्या नळीला तापाचे कारण ठरवण्याचा हा प्रकार आहे.

रिपब्लिकन पक्षातही हेच दिसते. १९७६ साली कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात जेराल्ड फोर्ड यांना १,१८७ आणि रेगन यांना १,०७० मते पडली. फोर्ड नोव्हेंबरमध्ये थोडक्यात हरले हे खरे, पण त्या लांब लढाईत रेगन यांनी जमवलेले कार्यकर्ते चार वर्षांनी पक्षाला सत्तेवर घेऊन आले. १९८० च्या प्रायमरीत जॉर्ज बुश यांनी रेगन यांच्या आर्थिक धोरणाला 'वूडू इकॉनॉमिक्स' म्हणून हिणवले होते. काही महिन्यांतच ते रेगन यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले, आणि कोणी फारसे लाजले नाही.

२०१६ ची जखम अजून ओली आहे, म्हणून तिच्याबद्दल जपून लिहितो. बर्नी सँडर्स जूनपर्यंत लढले आणि १२ जुलैला त्यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला. दिवसांच्या हिशेबात ती लढत २००८ च्या मानाने फार लांब नव्हती. मतदारांनी निवडून न दिलेले शेकडो सुपरडेलिगेट मात्र पहिले मत पडण्याआधीच क्लिंटन यांच्या बाजूने मोजले जात होते, आणि फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाच्या तोंडावर फुटलेल्या ईमेलमधून नॅशनल कमिटीतले काही अधिकारी सँडर्स यांच्या विरोधात बोलत होते असे उघड झाले. अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्झ यांना अधिवेशनाच्या आदल्या दिवशी राजीनामा जाहीर करावा लागला. एका मोठ्या पाहणीनुसार प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना मत दिले. क्लिंटन यांच्या समर्थकांतून २००८ साली मॅकेन यांच्याकडे गेलेल्यांचे प्रमाण याहून कमी नव्हते, पण २०१६ साली मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्ये मिळून सुमारे ७८ हजार मतांनी गेली आणि एवढ्या बारीक फरकात प्रत्येक रुसलेला मतदार मोजला जातो. पंच एका बाजूचा आहे अशी समजूत झाली की हरलेला माणूस निकाल मान्य करत नाही, मग लढत चार आठवड्यांची असो की चाळीस. पक्षाने २०१८ साली पहिल्या फेरीतला सुपरडेलिगेटांचा मताधिकार काढून घेतला ही शहाणपणाची दुरुस्ती होती. ती तीन वर्षे आधी व्हायला हवी होती.

मग २०२४ आले. त्या वर्षी लढत झालीच नाही. पदावरच्या अध्यक्षाला आव्हान देऊ नये म्हणून सर्वांनी संयम पाळला, फ्लोरिडात तर पक्षाने एकच नाव पाठवल्यामुळे प्रायमरी रद्द झाली, आणि डीन फिलिप्स यांच्यासारख्या आव्हानवीरांकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. २७ जूनच्या अटलांटातल्या ट्रम्प यांच्याबरोबरच्या चर्चेत बायडन अडखळले, २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, आणि कमला हॅरिस एकाही प्रायमरीत मते न मागता ऑगस्टच्या सुरुवातीला उमेदवार झाल्या. खरी प्रायमरी झाली असती तर नोव्हेंबरचा निकाल बदलला असता, असा माझा दावा नाही. पण जी गोष्ट देशाला जूनच्या अखेरीस दिसली ती पक्षाला जानेवारीत दिसली असती, आणि जो कोणी उमेदवार झाला असता त्याच्या किंवा तिच्या हाती लाखो मतदारांचा कौल असता, एवढे तरी मान्य करायला हवे. एकजुटीसाठी लढत टाळण्याचा प्रयोग पक्षाने करून पाहिला आहे.

लांब लढतीचे तोटे नाहीत, असे मी म्हणत नाही. सर्वांत मोठा तोटा असा की आपल्याच माणसाने शोधलेला आरोप ऑक्टोबरमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत भेटतो. मॅसॅच्युसेट्समधल्या कैद्यांना रजेवर सोडण्याच्या योजनेवरून मायकेल ड्युकॅकिस यांना १९८८ साली पहिल्यांदा टोचले ते त्यांच्याच पक्षाच्या अल गोर यांनी, न्यूयॉर्कमधल्या चर्चेत. पुढे तोच मुद्दा रिपब्लिकन प्रचाराने त्यांच्याविरुद्ध वापरला. २०१२ साली मिट रॉमनी यांच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीतल्या व्यवहारांवर आधी तुटून पडले ते न्यूट गिंग्रिच यांचे समर्थक, आणि मग तोच धागा ओबामांच्या मोहिमेने उचलला. अर्थात प्रतिपक्षाला संशोधन करणारी माणसे असतातच, त्यामुळे प्रायमरीत दडलेला मुद्दा नोव्हेंबरपर्यंत दडून राहील ही आशाही भाबडी आहे.

उमेदवारांची गर्दी हा वेगळा विकार आहे आणि त्याची लांबणीशी गल्लत होते. बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघात नऊ जणांच्या प्रायमरीतून साधारण २८ टक्के मतांवर उमेदवार झाले आणि काँग्रेसमध्ये गेले. आपल्याला अभिमान वाटला, तो योग्यच होता. पण मते विखुरल्यामुळे डेट्रॉइटला अनेक दशकांत प्रथमच कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची तिथल्या लोकांना वाटणारी खंतही आपण समजून घ्यायला हवी. अशा गर्दीवर उपाय पसंतीक्रमाने मतदान हा आहे, तारखा आटोपण्याचा नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना उमेदवारी ठरण्याची एक वेगळी रीत परिचित आहे. पक्षश्रेष्ठी एबी फॉर्म कोणाला देतात याकडे डोळे लावून इच्छुक बसतात, फॉर्म न मिळालेला निष्ठावंत रात्रीतून बंडखोर होतो, आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवसापर्यंत त्याची मनधरणी चालते. तिथे लढत लांबत नाही; ती पक्षाबाहेर जाते. न्यू जर्सीतही परवापरवापर्यंत काउंटी लाइन नावाची तिचीच धाकटी बहीण होती. काउंटीच्या पक्षप्रमुखांनी पसंत केलेली नावे मतपत्रिकेवर एका ठळक रांगेत छापली जात आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणारे अँडी किम यांच्या दाव्यावरून २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रीत थांबवली. पुढच्या वर्षी गव्हर्नरपदासाठी सहा जण खरोखर लढले, वृत्तपत्रांनी पक्षात बेदिली माजल्याचे लिहिले, मिकी शेरिल सुमारे ३४ टक्के मतांवर जिंकल्या, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी दोन आकडी फरकाने विजय मिळवला. हरलेल्या पाचही जणांना लोकांनी समान मतपत्रिकेवर पाहून नाकारले होते, त्यामुळे कुरकुरीला जागा राहिली नव्हती. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात त्याच जूनमध्ये झोहरान ममदानी यांनी महापौरपदाची प्रायमरी जिंकली, पण अँड्र्यू कुओमो यांनी ती हार न मानता अपक्ष म्हणून पुन्हा लढत दिली, आणि प्रायमरीत मिटायला हवे ते भांडण शहराने नोव्हेंबरपर्यंत सोसले.

यावरून आपण काय करावे, ते सांगतो. राज्य समितीत किंवा काउंटी समितीत आपल्यापैकी जे आहेत त्यांनी २०२८ चे वेळापत्रक, चर्चांमध्ये प्रवेशाचे निकष आणि प्रतिनिधींच्या वाटपाचे नियम पहिल्या मतदानाच्या बरेच आधी लेखी जाहीर व्हावेत, आणि नंतर कोणाच्याही सोयीसाठी त्यांना हात लागू नये, यासाठी आग्रह धरावा. न्यू जर्सीची तारीख अलीकडे आणायची असेल तर ती विधिमंडळाकडून आताच आणवून घ्यावी. २००८ च्या मिशिगनसारखी परस्पर आणू नये. आपल्या आवडीचा उमेदवार पुढे आहे म्हणून दुसऱ्याने माघार घ्यावी, असे संदेश गटांवर फिरवणे थांबवावे. मागे असलेल्याच्या मागे उभे असलेले लोक पुढे आपल्यालाच हवे असतात, आणि माघारीची मागणी त्यांना पहिल्यांदा दुखावते. टीका जरूर करावी, पण ती धोरणावर आणि कामावर असावी. जात, धर्म, घराणे किंवा व्हिसाच्या रंगावरून आपल्याच माणसांत चाललेली कुजबुज मी ऐकली आहे आणि ती लाजिरवाणी आहे. आपली बहुतेक महाराष्ट्र मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था आहेत, त्यांना कायद्यानेच कोणा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, तेव्हा गणपतीच्या मंचावर कोणाला बसवण्याचा वाद मुळात काढूच नये. आणि उमेदवारी ठरल्यावर जिंकलेल्या गटाने हरलेल्या गटातल्या स्वयंसेवकांना पहिल्याच आठवड्यात बोलावून जबाबदारीची कामे द्यावीत. याद्या लिहिण्यापुरते बोलावू नये. तुमच्या विभागाची घरोघर फेरी तुम्हीच चालवा, असे सांगावे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. न्यू जर्सीत ज्यांची नोंदणी कोणत्याच पक्षाकडे नाही त्यांना प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडून मतदान करता येते, पण जे दुसऱ्या पक्षाकडे नोंदलेले आहेत त्यांना बदलाचा अर्ज प्रायमरीच्या ५५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि ही तारीख एप्रिलमध्ये निघून जाते. ग्रीन कार्डधारकांना मत देता येत नाही, देणगी देता येते. एच-वन व्हिसावर असलेल्यांना देणगीही देता येत नाही, मात्र विनामोबदला काम करता येते. राज्याच्या नव्या कायद्यानुसार नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही २०२६ पासून प्रायमरीत मत देता येऊ लागले आहे. आपल्या घरात असे कोणी असेल तर त्यांची नोंदणी या हिवाळ्यातच करून टाकावी.

आपला,
मिडलसेक्स काउंटीतील एक मतदार